मुक्कामाला राहिलेलं ट्रम्पेट

मधुभाऊ देवपुजारींच्या घरात खराब ट्रम्पेट कधी मुक्कामाला राहत नाही, ही गोष्ट नागपुरातल्या बँडवाल्यांना, ऑर्केस्ट्रावाल्यांना आणि सीताबर्डीच्या वाद्यवाल्यांना तोंडपाठ होती. ट्रम्पेट घ्यायचं म्हटलं की माणूस आधी मधुभाऊंची बेल वाजवायचा. मधुभाऊ दार उघडत, उंबरठ्याच्या आत उभे राहूनच हात पुढे करत, वाद्य उलटंपालटं करून बघत आणि पसंत पडलं नाही तर जागच्या जागी परत देत. "घेऊ नका," एवढंच म्हणत. आणणाऱ्याला पाणीसुद्धा त्यानंतर विचारलं जाई. पसंत पडलं तर मात्र म्हणत, "राहू द्या दोन दिवस." मग ते आत जाई, आणि आणणारा माणूस खाली उतरता उतरताच चार जणांना फोन करी की मधुभाऊंनी ठेवून घेतलं. त्यापुढचं कोणी विचारत नसे.

ही काही मधुभाऊंची ऐट नव्हती. त्यांच्या महाल भागातल्या जुन्या घरची ती शिस्त होती. त्यांचे वडील नाना मोठे सोवळ्याओवळ्याचे. तोंडाने फुंकायचं वाद्य म्हणजे त्यांच्या लेखी उष्टं, आणि उष्टं घरात ठेवायचं नाही. शंखही तोंडानेच फुंकतात, हे मधुभाऊंनी कॉलेजात असताना एकदा बोलून दाखवलं, तर नानांनी कितीतरी दिवस अबोला धरला. शेवटी आईने तोड काढली. आणायचंच असेल तर एकच आण, चांगलं आण. भंगार उंबऱ्याच्या आत येणार नाही. मधुभाऊंनी ते इतकं मनावर घेतलं की नाना गेले, आई गेली, महाल सुटून मनीषनगरात चौथ्या मजल्यावर फ्लॅट झाला, तरी वाईट ट्रम्पेट हातात आलं की त्यांचे पाय दारातच अडत.

ते एक चांगलं ट्रम्पेट त्यांना कामठीच्या छावणीतल्या एका निवृत्त बँडमास्तराकडून मिळालं होतं. त्याच्यावरचं कंपनीचं नाव हातांनी घासून घासून कधीच नाहीसं झालेलं. कोणत्या कंपनीचं, असं लोक विचारत, तेव्हा मधुभाऊ म्हणत, "आता माझंच." दिवसभर डाक खात्याच्या लेखा कार्यालयात मान खाली घालून आकडे जुळवायचे आणि संध्याकाळी ऑर्केस्ट्रात मान वर करून ट्रम्पेट वाजवायचं, असं त्यांचं आयुष्य गेलं. गणपतीत, कोजागिरीला, मोठमोठ्या लग्नांच्या स्वागत समारंभात त्यांना बोलावणं असे. त्यांची बायको लतिका पहिल्या रांगेत बसायची, आणि नवऱ्याने पहिला सूर लावला की नवऱ्याकडे न बघता शेजारच्या बाईकडे बघायची. शेजारच्या बाईचा चेहरा बदलला की तिचा जीव भांड्यात पडायचा.

मग मधुभाऊंचे पुढचे दात गेले. तबलजीचे दात गेले तर जेवणाचे हाल होतात, तबल्याचे नाहीत. ट्रम्पेटवाल्याचं तसं नसतं. ओठाच्या मागे दातांचा आधार लागतो. कवळी बसवल्यावर मधुभाऊंनी एकदा वाजवून पाहिलं; सूर निघाला, पण तो ऐकून त्यांनीच वाद्य खाली ठेवलं. लतिका तेव्हा स्वयंपाकघरात होती. ती बाहेर आली नाही, काही बोललीही नाही, आणि त्या न बोलण्याबद्दल मधुभाऊ तिचे कायम ऋणी राहिले. पुढे एका हिवाळ्यात तीही गेली.

मुलगा अपूर्व बेंगळुरूला. दर रविवारी त्याचा फोन येई. बीपी कसं आहे, रंभाबाई वेळेवर येते ना, गॅस आला का. शेवटी न चुकता, "बाबा, काही लागलं तर सांगा." मधुभाऊंना जे लागत होतं ते कुरिअरने येण्यासारखं नव्हतं. त्यांना माणूस लागत होता. हे मुलाला सांगायची त्यांना लाज वाटे, म्हणून ते म्हणत, "काही नको रे, मजेत आहे."

आताशा ट्रम्पेट दाखवायलाही कोणी येईनासं झालं होतं. लोक मोबाईलवर तारे बघून वाद्यं मागवू लागले होते. मधुभाऊंना या ताऱ्यांचा भारी राग. डबा उघडला की लोक पाच तारे देऊन मोकळे होतात, म्हणायचे. ट्रम्पेटवर मत द्यायचं ते एक लग्नसराई उलटल्यावर. पण हे ते म्हणायचे कोणाला, तर सकाळी पोळ्या लाटणाऱ्या रंभाबाईला. रंभाबाईला ट्रम्पेट आणि भोंगा यांत फारसा फरक वाटत नसे. आणि ती गेली की दुसऱ्या सकाळपर्यंत त्या घरात बोलणारा एक टीव्ही तेवढा उरे.

अशात एका दुपारी, उन्हाळा लागायच्या सुमाराला, बेल वाजली. दारात घामाघूम झालेली पस्तिशीची एक बाई, हातात काळी पेटी.

"नमस्कार काका, मी नंदिनी भोयर. कामठीहून आली. शाळेत म्युझिक शिकवतो आम्ही."

शाळेला नवीन बँड उभा करायचा होता. संस्थेच्या सचिवांनी इंटरनेटवर 'ऑरेलिया' नावाचं ट्रम्पेट हेरलं होतं आणि सीताबर्डीच्या दुकानदाराने नमुना म्हणून एक दिलं होतं. तसलीच डझनभर घ्यायची की नाही, एवढं नंदिनीने विचारून यायचं होतं.

"अर्धे लोक लिहून राहिले का याच्यासारखं दुसरं नाही, अर्धे म्हणते फेकून द्या. मले तर काही समजूनच नाही राहिलं. सचिव सर म्हणाले, मधुभाऊले विचारून या, ते म्हणतील ते फायनल."

मधुभाऊंनी सवयीने हात पुढे केला. ट्रम्पेट दिसायला देखणं होतं. पुढच्या कर्ण्यावर, म्हणजे बेलवर, कंपनीचं नाव वेलबुट्टीसकट इतकं खोल कोरलेलं की बोट फिरवलं तर खाचेत अडकावं. मधुभाऊंना तिथेच शंका आली. त्यांनी वरचे तिन्ही पिस्टन दाबले. तिसरा वर यायला किंचित कुरकुरला. मग पिस्टन न दाबता मधली छोटी नळी सरकन ओढली. चांगल्या ट्रम्पेटमधून अशा वेळी बाटलीचं बूच निघाल्यासारखा आवाज येतो. इथे काही आवाजच नाही. म्हणजे सांध्या-सांध्यांतून हवा पळत होती. हे वाद्य आज बरं वाजेल, पावसाळ्यात त्याचे पिस्टन अडकतील, आणि पोरं फुंकून फुंकून बेजार होतील. एवढं कळायला त्यांना मिनिटसुद्धा लागलं नाही. 'घेऊ नका' हे दोन शब्द कवळीपर्यंत आले.

"काका, आधी थोडं पाणी देता काय? ऑटोत लय ऊन लागलं."

आता पाणी मागणाऱ्या बाईला दारात कसं उभं ठेवणार? मधुभाऊ आत वळले, नंदिनी मागोमाग आली, आणि ट्रम्पेट मधुभाऊंच्या हातातच राहिल्याने तेही आत आलं. पाणी पिता पिता तिने भिंतीवरचा ऑर्केस्ट्राचा जुना फोटो पाहिला. मग उठून जवळ गेली.

"आणि ह्या पहिल्या लाइनीतल्या बाई कोण? सगळे स्टेजकडं पाहून राहिले, ह्या एकट्याच बाजूले पाहते."

लतिकाबद्दल कोणी काही विचारलं, त्याला किती काळ लोटला होता ते मधुभाऊंना आठवेना. ते बोलायला लागले आणि बोलतच राहिले. शेजारच्या बाईचा चेहरा बघायची लतिकाची खोड सांगितली, शंखाचं प्रकरण सांगितलं, नाव पुसलेल्या ट्रम्पेटची गोष्ट सांगितली. नंदिनी हसली, मधूनमधून "मग?" म्हणाली. माणसाने 'मग?' म्हटलं की किती बरं वाटतं, हे ज्याला रोज कोणी म्हणतं त्याला कळायचं नाही. बाहेर उन्हं कलली तेव्हा ती उठली.

"मग काका, कसं आहे हे? घ्याचं काय?"

मधुभाऊंनी दाराशी काढलेल्या तिच्या चपलांकडे पाहिलं. त्या आता पायात जाणार, लिफ्ट खाली जाणार, आणि हे घर पुन्हा जसंच्या तसं होणार. हे त्यांना लख्ख दिसलं.

"एका बैठकीत नाही सांगता येत," ते म्हणाले. "राहू द्या इथे. पुढच्या आठवड्यात या."

तोंडातून गेलं ते गेलं. ती गेल्यावर त्यांनी ट्रम्पेट उचलून आधी बाल्कनीत ठेवलं, मग पुन्हा आत आणलं. नाना असते तर ट्रम्पेटला आणि आपल्याला, दोघांनाही बाहेर काढलं असतं, असं त्यांच्या मनात आलं. पण आठवड्याचाच तर प्रश्न आहे, त्यांनी स्वतःला समजावलं, पुढच्या खेपेला सांगून टाकू. कोणाचं काय जातं?

पुढच्या खेपेला त्यांनी सांगितलं की पिस्टनला तेल देऊन थोडं चालवून बघितल्याशिवाय कंपनीचा खरा स्वभाव कळत नाही. त्यापुढच्या खेपेला म्हणाले, नागपूरचं ऊन लागू द्या; मे महिन्यात पितळ काय करतं ते बघू. मग म्हणाले, एका नगावरून कंपनीला नाव ठेवू नये आणि डोक्यावरही घेऊ नये, अजून एक आणा. गंमत अशी की यातलं एकही खोटं नव्हतं. फक्त या ट्रम्पेटला त्याची गरज नव्हती. नंदिनीने दुकानातून दुसरं आणलं. तेही तसलंच निघालं आणि तेही मुक्कामाला राहिलं.

रंभाबाईच्या नजरेतून यातलं काही सुटलं नाही.

"काका, ते कामठीची बाई आज येनार हाय वाट्टे."

"कशावरून?"

"तुमी सकाळपासून तीनदा खुर्ची हलवली. अन् ते बिस्कुटं आनले, मले कधी देत नाई तसे."

मधुभाऊंनी तिला त्यातली दोन बिस्किटं दिली आणि विषय मिटवला. पण खुर्ची खरंच हलवली होती. पंख्याखाली, फोटो समोर येईल अशी. नंदिनी आली की तिथे बसायची. ती तिच्या आईबद्दल बोलायची. प्रयागबाईंना आता नीट ऐकू येत नव्हतं. नंदिनी घरी गायला बसली तरी त्या मध्येच भाजी काय करायची ते विचारत. शाळेतल्या पोरांबद्दल बोलायची. एकदा सहज म्हणाली, "तुमच्याकडं आलं का बरं वाटते, काका." मधुभाऊंनी ते वाक्य ठेवून घेतलं. रात्री टीव्ही बंद करताना ते त्यांना आठवे, आणि त्याबरोबर छातीत एक बारीकसं टोचणंही असे. ते टोचणं कशाचं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, पण ते कूस बदलून झोपत.

मग नंदिनी आलीच नाही. एक आठवडा गेला, दुसरा गेला. बिस्किटं मऊ पडली. फोन करावा तर काय सांगून करावा, हे मधुभाऊंना सुचेना. त्याआधी मारोतरावांचाच फोन आला. मारोतराव म्हणजे इतवारीतल्या एका बँड पार्टीचे मालक, मधुभाऊंच्या बरोबरीचे, बोलण्यात कधी आडपडदा नाही.

"काहून गा मधुभाऊ, इतकी चांगली कंपनी भेटली अन् आपल्या मानसाले सांगितलं नाही?"

"कोणती कंपनी?"

"आता घ्या! ऑरेलिया. दुकानवाला साऱ्या मार्केटले सांगून राहिला ना, मधुभाऊनं दोन दोन ट्रम्पेट ठेवून घेतले, परत द्याचं नाव नाही. कामठीच्या शाळेवाल्यांनी तर साराच माल उचलला. मीबी दोन घेतले. तुमी ठेवून घेतल्यावर मंग पाहाचं काय राह्यलं?"

मधुभाऊ खुर्चीत बसले. पंख्याखालच्या, नंदिनीच्या खुर्चीत. आपल्या घरात राहिलेलं ट्रम्पेट म्हणजे पास झालेलं ट्रम्पेट, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. त्यांनी स्वतःच ते चाळीस वर्षं लोकांच्या डोक्यात बसवलं होतं, आणि नेमके तेच विसरले होते. आता मारोतरावांना खरं सांगायचं तर 'मग ठेवून कशाला घेतलं?' हा प्रश्न येणार, आणि त्याचं उत्तर संध्याकाळपर्यंत कामठीला पोचणार.

"वापरून बघा," ते कसंबसं म्हणाले. मारोतरावांनी तो विनय समजून फोन ठेवला.

दोन दिवसांनी नंदिनीचाही फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. सचिवसाहेब खूश आहेत, पोरांचा सराव सुरू झाला, त्यामुळे यायला सवडच होत नाही, ते दोन नमुने दुकानाचा माणूस येऊन घेऊन जाईल. "तुमच्यामुळंच झालं काका. तुम्ही बोलले नाही, पण सर म्हणाले, मधुभाऊचं ठेवून घेणं म्हणजेच हो." इथे सांगता आलं असतं. एक वाक्य पुरे होतं. मधुभाऊ "अच्छा, अच्छा" म्हणत राहिले. आणि पंधरा ऑगस्टला बँडचं पहिलं वादन आहे, पाहुणे म्हणून तुम्हीच यायचं, असं तिने म्हटलं तेव्हा ते "येतो" म्हणाले. इतकं भित्रेपण आपल्यात आहे, हे त्यांना वयाची सत्तरी गाठल्यावर कळलं.

पंधरा ऑगस्टला ते सकाळच्या बसने कामठीला गेले. लतिकाने घेतलेला क्रीम रंगाचा कोट घालून. शाळेच्या मैदानात रात्रीच्या पावसाचा चिखल होता. त्यांना मंचावर सचिवांच्या शेजारी बसवलं, नारळ-शाल दिली. मग पांढऱ्या कपड्यांतली मुलं ट्रम्पेट घेऊन रांगेत उभी राहिली. बेलवरची खोल कोरलेली नावं उन्हात चमकली. नंदिनीने एकदा मंचाकडे बघून मान हलवली आणि हात वर केला.

सुरुवात बरी झाली. दुसऱ्या ओळीला पहिल्या रांगेतल्या मुलीचा पिस्टन खाली गेला तो वर येईना. ती बोटाने उचलायला गेली, तोवर मागच्या दोघांचा सूर पडला. मुलं लालबुंद होऊन फुंकत होती आणि हवा भलतीकडूनच जात होती. सूर कसला, नुसता फुसफुसाट. शेवटी ढोलवाल्यानेच कसंबसं गाणं पैलतीराला नेलं. टाळ्या पडल्या, पण मागच्या रांगेत पालक तोंडावर हात धरून हसत होते. नंदिनीने वळून अभिवादन केलं, पण मंचाकडे पाहिलं नाही. मधुभाऊंच्या ते लक्षात आलं, आणि मग त्यांना कुठे बघावं ते कळेना.

नंतर कार्यालयात चहा आणि जिलेबी होती. सचिवांनी पाहुण्यांसमोर आवाज चढवला नाही, पण बोलायचं ते बोललेच.

"मॅडम, महिनाभर प्रॅक्टिसच्या नावानं पीरियड घेतले तुम्ही. हे शिकवलं? वाद्य खराब म्हणायची तर सोयच नाही, साक्षात मधुभाऊंनी पास केलेली आहेत. म्हणजे शिकवणाऱ्यातच कमी आहे. पुढच्या वर्षी तुम्हाला ठेवायचं की नाही, कमिटीला विचार करावा लागेल."

नंदिनी खाली मान घालून उभी होती. तिने एकदाच मधुभाऊंकडे पाहिलं. त्या बघण्यात तक्रार नव्हती. तिला वाटत होतं, आपण यांना मान खाली घालायला लावली. मधुभाऊंना ते सहन झालं नाही. त्यांनी जिलेबीची बशी टेबलावर ठेवली.

"बाईंची चूक नाही," ते म्हणाले. "मुलांचीही नाही. ट्रम्पेट वाईट आहेत."

"म्हणजे? आता झाली का खराब?"

"पहिल्यापासूनच. पहिल्या दिवशी हातात घेतलं तेव्हाच मला कळलं होतं."

मग सचिवांनी अगदी हळू विचारलं, "मग ठेवून का घेतलं तुम्ही?"

"चुकलं माझं. दुकानदाराला मी स्वतः सांगतो. मारोतरावांनाही सांगतो. पण यांना बोल लावू नका." याच्या पुढचं त्यांना तिथे सांगता आलं नाही. नारळ आणि शाल त्यांनी टेबलावरच ठेवली आणि ते बाहेर पडले. चाळीस वर्षांत मिळवलेलं नाव त्या टेबलावर जिलेबीच्या बशीशेजारी राहिलं, आणि ते उचलायला परत जाता येणार नव्हतं.

नंदिनी फाटकापर्यंत मागे आली.

"सरले नाही सांगितलं. मले सांगा. काहून ठेवलं?"

मधुभाऊ रस्त्याकडे बघत म्हणाले, "तुम्ही पुन्हा यावं म्हणून."

तिला आधी समजलंच नाही. मग समजलं.

"मी साऱ्या उन्हाळ्यात त्या ऑटोत बसून येत होती, काका," ती म्हणाली. "मले वाटे, केवढा बारीक विचार करून राहिले आपल्या पोरांसाठी. आईले सांगत होती मी. अन् ते पोरगी आता बाथरूमात रडून राहिली, जिचा पिस्टन अडकला."

बस आली. तिने त्यांच्या कोपराला धरून त्यांना चढवून दिलं, कारण पायरी उंच होती, आणि मागे न बघता शाळेत गेली.

मधुभाऊंनी शब्द पाळला. सीताबर्डीच्या दुकानात जाऊन चारचौघांत सांगितलं. दुकानदाराने पाय आपटले, मग अर्धीअधिक ट्रम्पेटं बदलून द्यायला तयार झाला. मारोतरावांनी फोनवर फक्त "असं काय" म्हटलं. ते चिडले असते तर मधुभाऊंना बरं वाटलं असतं. त्यानंतर ट्रम्पेट दाखवायला कोणी आलं नाही. रंभाबाईनेसुद्धा काही विचारलं नाही. फक्त एके सकाळी जाताना म्हणाली, "काका, ते खुर्ची पंख्याखालीच राहू देऊ का?" मधुभाऊ म्हणाले, "राहू दे." त्या दिवसांतलं एकटेपण आधीच्यासारखं नव्हतं. आधी कोणी येत नव्हतं. आता ते स्वतःच कोणी यावं या लायकीचे उरले नव्हते, असं त्यांना वाटत असे. अपूर्वने रविवारी विचारलं, आवाज का उतरलाय, तर म्हणाले, "कवळी टोचते."

दिवाळी होऊन गेल्यावर एका संध्याकाळी बेल वाजली. दारात नंदिनी. हातात पेटी, वेगळ्या रंगाची. चेहरा कोरडा.

"दुकानवाला दुसऱ्या कंपनीचे देऊन राहिला. सर म्हणाले, पुन्हा मधुभाऊलेच विचारा. जो माणूस स्वतःच्या तोंडानं चूक सांगते, त्याचंच ऐकू, म्हणे." ती उंबरठ्याबाहेरच उभी होती. चपला काढल्या नव्हत्या.

मधुभाऊंनी दारातूनच ट्रम्पेट घेतलं. साधं, नाव बारीक अक्षरात कडेला. पिस्टन दाबले, तिन्ही सारखे वर आले. मधली नळी ओढली आणि 'टप्' असा गोल आवाज आला. त्यांनी डोळे मिटून तो पुन्हा एकदा काढला. किती महिन्यांनी चांगलं वाद्य हातात आलं होतं. नियमाप्रमाणे हे घरात यायला हवं होतं. राहू द्या दोन दिवस, एवढं म्हटलं की झालं. ती परत न्यायला येणारच. आणि या खेपेला त्यात लबाडी नसती.

त्यांनी ट्रम्पेट पेटीत ठेवलं, दोन्ही कड्या लावल्या आणि पेटी तिच्या हातात दिली.

"चांगलं आहे. घेऊन टाका सगळी."

"ठेवून नाही घेत?"

"नाही."

नंदिनीने पेटी घेतली आणि लिफ्टचं बटण दाबलं. लिफ्ट खालून येत होती. तिची पाठ मधुभाऊंकडे होती.

"एक विचारू? खरं सांगितलं असतं तर मी येणंच बंद केलं असतं, असं काहून वाटलं तुमाले?"

"लोक कामासाठी येतात," मधुभाऊ म्हणाले. "काम झालं की जातात. मी तर आयुष्यभर तेच बघितलं."

"आता तर काम झालं."

लिफ्ट आली. ती आत जाऊन वळली, पेटी छातीशी धरून. मधुभाऊंच्या तोंडात सगळी जुनी कारणं एकदम गोळा झाली. थंडीत पितळ आकसतं. एका नगावरून कंपनी कळत नाही. तेल द्यावं लागेल. त्यांनी आयुष्यात कोणालाच नुसतं 'या' म्हटलं नव्हतं. लतिका असताना ती म्हणायची, आणि त्यांना वाटायचं, लोक आपल्या ट्रम्पेटसाठी येतात.

दारं सरकू लागली.

"काही काम नाही," ते जवळजवळ ओरडलेच. "तरी या."

लिफ्टचं दार लागलं. तिने ऐकलं की नाही, ते कळलं नाही. मधुभाऊ उंबरठ्याबाहेर आले आणि लिफ्ट खाली खाली जाताना कान देऊन उभे राहिले. घराचं दार त्यांच्या मागे उघडंच होतं.